पडायचं कसं, तेही शिकवणारी तालीम

पावसाळा लागून पंधरा दिवस झाले की आमच्या रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागाच्या खाटांवर एका ठरावीक वयाची माणसं दिसू लागतात. साठी-पासष्टीच्या पुढची. कुणी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून घसरलेलं, कुणी रात्री लघवीला उठताना पायपुसण्यात पाय अडकून पडलेलं, कुणी शेळीला चारा टाकायला म्हणून अंगणात गेलेलं. बहुतेकांचा खुबा मोडलेला असतो, काहींचं मनगट. हाड जोडायचं काम अस्थिरोगतज्ज्ञांचं, पण भूल देण्याआधी रक्तदाब, साखर, हृदय, छाती तपासायला आम्हा फिजिशियनांना बोलावतात. कसे पडलात, असं विचारलं की उत्तर जवळपास सारखंच येतं : "काही कळलंच नाही, डॉक्टरसाहेब. तोल गेला आणि खालीच आलो."

याच वयाची, पण अजून धडधाकट असलेली माणसं रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला बाह्यरुग्ण विभागात येतात. त्यांच्याकडून गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न ऐकू येतो. नातवाला कराटेच्या क्लासला सोडायचं, तासभर बाहेरच्या बाकावर बसायचं आणि परत आणायचं, ही ड्यूटी हल्ली आजी-आजोबांकडे असते. बसून बसून त्यांना वाटतं, आपणही आत जाऊन उभं राहावं. मग गोळ्या लिहून झाल्यावर, उठता उठता, जरा संकोचानं विचारतात, "या वयात असलं काही केलं तर चालतं का हो?" सोबत आलेली सून किंवा मुलगा हसतो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. खुबा मोडू नये म्हणून जे काही करता येण्यासारखं आहे, त्यातला बराच भाग त्या क्लासच्या आत शिकवला जातो. फक्त तो भाग ठोसे आणि लाथांचा नाही. पाय रोवून उभं राहणं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं आणि पडायची वेळ आलीच तर नीट पडणं, हे प्रत्येक युद्धकलेत पहिल्या काही महिन्यांत शिकवतात. पोरं तो टप्पा कंटाळत पार करतात. साठीच्या माणसाने तिथेच मुक्काम करावा, असं माझं मत आहे.

आधी स्नायूंकडे पाहू. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर ही घट आणखी वेग घेते. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवलं. वजनकाट्यावर ती कळत नाही, कारण स्नायू गेला तिथे चरबी येऊन बसते. ती कळते पंगतीतून उठताना, एसटीची पायरी चढताना, संडासात खाली बसल्यावर उठायला नळाचा आधार लागतो तेव्हा.

यात एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. स्नायूंचा आकार जितका घटतो त्याहून ताकद जास्त वेगाने घटते आणि ताकद झटकन लावण्याची क्षमता त्याहूनही वेगाने. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. संथ तंतू दिवसभर उभं राहायला, चालायला उपयोगी पडतात. चपळ तंतू झटक्याच्या कामाला. वयाबरोबर झिजतात ते प्रामुख्याने चपळ तंतू. ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढे टाकून स्वतःला सावरायचं असतं, ते काम त्यांचं. माणूस एका अंगावर पडतो तेव्हा तोल सुटल्यापासून खुबा जमिनीवर आदळेपर्यंत जेमतेम पाऊण सेकंद जातो. तेवढ्यात पाय पडला तर नुसती ठेच, नाही पडला तर शस्त्रक्रिया.

म्हणूनच "मी रोज तासभर चालतो" हे वाक्य ऐकून माझं पुरतं समाधान होत नाही. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, झोपेला चांगलं. ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर एका लयीत चालण्यात चपळ तंतूंना फारसं काम नसतं आणि तोलाची परीक्षाही होत नाही. २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने व्यायाम आणि वृद्धांचं पडणं या विषयावरच्या १०८ चाचण्यांचा, म्हणजे २३ हजारांहून अधिक माणसांच्या नोंदींचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण एकंदर २३ टक्क्यांनी कमी दिसलं. तोलाच्या व्यायामाला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली तिथे ते सुमारे ३४ टक्क्यांनी कमी होतं. नुसत्या चालण्याबद्दल मात्र ठाम काही म्हणता येईल इतका पुरावा हाती लागला नाही. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो.

आता तोल. आपण उभे आहोत की कललो आहोत, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं : डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि तळपाय व सांध्यांमधून येणारे संदेश. साठीनंतर तिन्ही वाटा थोड्या थोड्या अंधूक होतात. मोतीबिंदू असतो, कानातल्या पेशी कमी झालेल्या असतात आणि दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असेल तर तळपायांना जमीन नीट कळतच नाही. "गादीवर चालल्यासारखं वाटतं" असं मधुमेही सांगतात ते यामुळे. अशा वेळी मेंदू आहे तेवढ्या माहितीवर काम भागवतो, पण त्याला उशीर होतो. हा उशीर सरावाने कमी करता येतो, अगदी सत्तरीतही, ही त्यातली चांगली बातमी.

माणसं नेमकी कशी पडतात, याचा एक फार सुंदर अभ्यास कॅनडात झाला. तिथल्या दोन वृद्धाश्रमांतल्या सामायिक जागांमध्ये कॅमेरे बसवले होते. १३० वृद्धांची मिळून २२७ पडणी त्यात टिपली गेली आणि २०१३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचा तपशील आला. आपली समजूत असते की माणूस अडखळून किंवा घसरून पडतो. चित्रफितींत वेगळंच दिसलं. अडखळून पडलेले २१ टक्के होते. सर्वांत मोठा गट, ४१ टक्क्यांचा, अंगाचा भार चुकीचा हलवल्यामुळे पडलेल्यांचा होता. म्हणजे वळताना, खुर्चीवर बसायला जाताना, काही उचलायला वाकताना भार एका पायावरून दुसऱ्यावर नेता आला नाही आणि माणूस कलंडला. आमच्या खाटेवरचे आजोबा "कळलंच नाही" म्हणतात, ते बहुधा हेच.

हे वाचल्यावर ताई-चीचा एवढा गाजावाजा का आहे ते समजतं. पहाटे बागेत संथपणे हात हलवणारे चिनी वृद्ध आपण चित्रपटांत पाहिलेले असतात आणि तो काहीतरी ध्यानाचा प्रकार असावा असं वाटतं. मुळात ती युद्धकला आहे. चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात ती वाढली. त्यातली प्रत्येक हालचाल म्हणजे वार अडवणं, ठोसा, ढकलणं किंवा लाथ आहे. फक्त तिचा वेग इतका कमी केला आहे की मारणं बाजूला राहून अंगाचा भार कुठून कुठे जातो, तेवढंच उरतं. १९५६ मध्ये चिनी सरकारच्या क्रीडा विभागाने सामान्य माणसांसाठी २४ हालचालींचा एक सोपा संच बसवला आणि तिथून ती जगभर गेली. गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, एक पाय रिकामा होतो तेव्हा दुसरा भरतो. संथपणा दिसायला सोपा वाटतो. दहा मिनिटं करून पाहा, मांड्या थरथरायला लागतात.

ताई-चीचं मोजमाप इतर कुठल्याही युद्धकलेपेक्षा जास्त झालं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात फुझोंग ली यांनी केलेले अभ्यास मला विशेष वाटतात. २०१२ मध्ये त्यांनी कंपवाताच्या १९५ रुग्णांचे तीन गट केले : एकाला ताई-ची, एकाला ताकदीचा व्यायाम, एकाला नुसतं स्ट्रेचिंग. आठवड्यातून दोनदा, तासभर, २४ आठवडे. उभं राहून तोल सांभाळण्याच्या चाचण्यांत ताई-चीचा गट दोघांच्याही पुढे होता आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा तो कमी वेळा पडला. पुढे २०१८ मध्ये सत्तरीपुढच्या ६७० जणांवर केलेल्या चाचणीत, पडण्याचा धोका आधीच जास्त असलेल्या या माणसांमध्ये ताई-चीमुळे स्ट्रेचिंगच्या तुलनेत पडण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. तोल, ताकद, चालणं अशा मिश्र व्यायामाच्या तुलनेतही ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. गुडघेदुखीच्या २०४ रुग्णांवर २०१६ साली झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत बारा आठवड्यांची ताई-ची फिजिओथेरपीइतकीच उपयोगी ठरली. मी हे आकडे देतो आहे ते अशासाठी, की 'मार्शल आर्ट आरोग्याला चांगली' हे वाक्य फार सैल आहे. कुठली कला, कुणासाठी, आठवड्यातून किती वेळा, हे सांगितल्याशिवाय त्याला औषधाइतका अर्थ येत नाही.

ताई-ची पडू नये म्हणून आहे. ज्युदो एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो, पडणार तर आहातच, मग शिकून घ्या. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू करून ज्युदोची मांडणी केली. ज्युदोत कुणाला फेकायच्या आधी स्वतः पडायला शिकावं लागतं. त्या तंत्राला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात ताठ पुढे करायचा नाही. पाठीचा घुमट करून अंगाचा गोळा करायचा आणि आदळण्याऐवजी लोळायचं, म्हणजे सगळा आघात एका हाडावर न येता अंगभर वाटला जातो. आपण पडताना याच्या नेमकं उलट करतो. ताठ होतो, हात रोवतो, मनगट मोडतं. किंवा हातही पुढे येत नाही आणि थेट खुबा.

नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथल्या संशोधकांनी ज्युदोपटूंना मॅटवर एका अंगावर पाडून खुब्यावर येणारा आघात मोजला. लोळण्याच्या तंत्राने तो चतुर्थांशाहून अधिक कमी झाला. त्यांनी वृद्धांसाठी एक कार्यक्रमही बसवला : अडथळ्यांची वाट, तोलाचे व्यायाम आणि त्यासोबत पडण्याचं तंत्र. आधी पडलेल्या वृद्धांवर तो तपासला तेव्हा पडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. स्वीडनमध्येही ज्युदोच्या आधारे वृद्धांना असं शिकवलं जातं. यात शरीराइतकाच मनाचा भाग आहे. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याच्या धास्तीने हालचाल कमी करतो, बाहेर जाणं सोडतो, भिंत धरून चालतो. त्यामुळे स्नायू आणखी झिजतात आणि तो खरंच पुन्हा पडतो. मॅटवर शंभर वेळा लोळून उठलेल्या माणसाची ही धास्ती ओसरते.

पण हाडं ठिसूळ झालेल्यांनी हे वाचून लगेच सतरंजीवर लोळायला सुरुवात करू नये. त्याच डच गटाने हाडांच्या ठिसूळपणात हा सराव सुरक्षित आहे का, याचाही विचार केला आणि जाड मॅट हवी, खुब्याला संरक्षक पट्टा हवा, उभ्याने पुढे पडण्याचा सराव नको, अशा अटी सांगितल्या. आपल्याकडच्या किती क्लासमध्ये या अटी पाळल्या जातील? म्हणून पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बायकांनी, स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतलेल्यांनी, आधी हाड मोडलेल्यांनी किंवा उंची कमी झालेल्यांनी हाडांची घनता तपासल्याशिवाय पडण्याचा सराव करू नये. त्यांना तोलाचा सराव पुरे. तोही थोडाथोडका नाही.

आता आपल्या घरच्या मालाकडे येतो. मुंबई-पुण्याबाहेर ताई-चीचा चांगला शिक्षक मिळणं अवघड आहे, पण लाठी-काठी शिकवणारा वस्ताद कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे अजून भेटतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यातल्या ८५ वर्षांच्या एका आजींची लाठी फिरवतानाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. केरळात वडकरा इथल्या मीनाक्षी अम्मा पंचाहत्तरीत कळरीपयट्टू शिकवत होत्या, तेव्हा २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कानोंच्या शिष्या केइको फुकुदा ९९ व्या वर्षी वारल्या, त्याच्या थोडं आधीपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोत ज्युदो शिकवत होत्या. अशी उदाहरणं उभारी देतात. एक डॉक्टर म्हणून मात्र मला लगेच आठवतं की ही सगळी माणसं लहानपणापासून किंवा तरुणपणापासून हेच करत आली. त्यांच्याकडे पाहून पासष्टाव्या वर्षी कळरीतल्या त्या खोल बैठका घ्यायला जाल तर गुडघा बोलेल.

लाठीचं तसं नाही. एकट्याने, हलक्या वेताच्या काठीने, कमी वेगात लाठी फिरवणं हा साठीनंतर सुरू करण्याजोगा प्रकार आहे. खांदा पूर्ण फिरतो (मधुमेह्यांचे खांदे आखडतात, त्यांना तर हे हवंच), मनगट वळतं, डावा-उजवा हात एकमेकांना ओलांडतात आणि काठी जिकडे जाते तिकडे पाय टाकावाच लागतो. भार हलवण्याचा सराव आपोआप होतो. ताई-चीवर झालं तेवढं मोजमाप लाठीवर झालेलं नाही, त्यामुळे मी टक्केवारी सांगणार नाही. काठी डोक्याला लागू नये म्हणून सुरुवातीला जागा मोकळी आणि शेजारी कुणी नको, एवढं पाहावं.

बायकांसाठी तर आणखी जवळचं काही आहे. आज साठीत असलेल्या बहुतेकींनी शाळेत लेझीम खेळलेली असते. लेझीमही मूळची आखाड्यातलीच. धनुष्याला लोखंडी साखळी लावून केलेलं व्यायामाचं साधन. दोन पावलं पुढे, झुकणं, अर्धं बसणं, वळणं, आणि सगळं हलगीच्या ठेक्यावर. आमच्या विभागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या भजनी मंडळातल्या बायकांना जमवून आठवड्यातून तीनदा लेझीम सुरू केली. "कराटेला या म्हटलं असतं तर एकही आली नसती," असं त्या म्हणाल्या. ते खरं आहे. पातळ नेसून बिनदिक्कत करता येईल असा व्यायामच या बायका पुढच्या वर्षीही करत राहतील.

तालमीतले जोर-बैठका हा ताकदीचा उत्तम व्यायाम, पण साठीनंतर मापात. पूर्ण खाली जाणारी बैठक झिजलेल्या गुडघ्याला सोसत नाही. खुर्चीपुढे उभं राहून, हात न टेकता, बूड खुर्चीला लागेपर्यंत बसायचं आणि उठायचं. दहा-दहाच्या दोन फेऱ्या. हीच तुमची बैठक. जोर भिंतीला किंवा कट्ट्याला हात टेकून. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

तालमीचा विषय निघाला आहे तर एक जुनं दुखणं सांगतो. आमच्याकडे पन्नाशीतले माजी पैलवान येतात, साखर ३०० च्या घरात, पोट सुटलेलं, कधी अँजिओप्लास्टी झालेली. चौकशी केली की कळतं, कुस्ती पस्तिशीत सुटली, पण खुराक सुटला नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा, सगळं तसंच. हजार बैठका मारणाऱ्या शरीराचं जेवण खुर्चीवर बसणाऱ्या शरीराला घातलं तर दुसरं काय होणार? दुसऱ्या टोकाला आमचे सामान्य वृद्ध आहेत. चहा-बिस्किट, भात-आमटी, संध्याकाळी थोडी खिचडी. यातून स्नायू बांधायला प्रथिनं मिळत नाहीत. वयस्क माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. रोज घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ दोन्ही वेळा, दूध-दही, खात असाल तर दोन अंडी किंवा मासे, इतकं तरी लागतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

ज्या कराटेवरून हा प्रश्न सुरू झाला त्याचं उत्तर अजून राहिलं. कराटेचे दोन भाग असतात. 'काता' म्हणजे एकट्याने, ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. 'कुमिते' म्हणजे समोरासमोरची लढत. काता साठीनंतर जरूर करावा. क्रम लक्षात ठेवावा लागतो, दिशा बदलाव्या लागतात, मध्येच वेग येतो आणि त्या चपळ तंतूंना काम मिळतं. जर्मनीत ६७ ते ९३ वयाच्या माणसांना काही महिने कराटे शिकवलं तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीत फार मोठा फरक दिसला नाही, पण मन प्रसन्न राहायला मदत झाली. कुमिते मात्र नको. साठीपुढे मेंदू किंचित आकसतो, कवटीखालच्या शिरा ताणलेल्या असतात आणि साध्या फटक्यानेही आत रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, स्टेंट घातला असेल, तर त्याची शक्यता आणखी वाढते. इथे मी तडजोड करत नाही. मॅटवरच्या सरावातही जोडीदार तुमच्या वयाचा घ्या, विशीतला उत्साही पोरगा नको.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी क्लासला जाऊ नये. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची बिस्किटं ठेवावीत. तळपाय बधिर असतील तर अनवाणी आखाड्यात उतरू नये, खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. पातळ तळाचे, घट्ट बसणारे बूट घाला. प्रोस्टेटच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या उभं राहिल्यावर दाब एकदम उतरवतात. खाली बसून करायच्या प्रकारानंतर आधी गुडघ्यावर, मग उभं, असं टप्प्याने उठा. झोपेच्या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत राहतो आणि तोल बिघडवतो. काचबिंदू असणाऱ्यांनी डोकं खाली, पाय वर असले प्रकार टाळावेत. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर कोलांटी उडी नाही. आणि चढ चढताना छाती भरून येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी.

सुरुवात करण्यापूर्वी घरी दोन गोष्टी पाहा. भिंतीजवळ, कुणीतरी शेजारी उभं असताना, एका पायावर दहा सेकंद राहता येतं का? ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ जणांना हे करायला सांगितलं आणि सुमारे सात वर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. ज्यांना जमलं नाही त्यांच्यात मृत्यूचा धोका, वय आणि आजार जमेस धरूनही, ८४ टक्क्यांनी जास्त आढळला. एका पायावर उभं न राहता आल्यामुळे कुणी मरत नाही. आत काहीतरी खचत चाललं आहे याची ती खूण आहे. दुसरं, छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे, आणि तुम्ही पहिले दोन महिने कुठल्याही क्लासला न जाता फक्त ती खुर्चीची बैठक आणि एका पायावर उभं राहणं एवढंच करा. गॅसवर दूध तापेपर्यंत ओट्याला एक बोट टेकून एका पायावर उभं राहता येतं. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

दोन्ही जमत असेल तर क्लास शोधा. पहिल्या दिवशी नाव घालू नका, बसून पाहा. वस्ताद किंवा सर वयस्क माणसाला वेगळं काही देतात की सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतात, हे अर्ध्या तासात कळतं. तुमची औषधं, शस्त्रक्रिया, दुखणारा सांधा त्यांना सांगा. ऐकताना ते घड्याळाकडे पाहत असतील तर दुसरीकडे जा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत, मधला दिवस विश्रांतीचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मांड्या दुखतील, ते चालेल. सांधा सुजला, दुखणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं, तर प्रमाण निम्मं करा. तोलात फरक जाणवायला साधारण तीन महिने लागतात आणि सोडलं की तो तितक्याच झपाट्याने ओसरतो, त्यामुळे पट्ट्याच्या रंगापेक्षा क्लास घरापासून किती जवळ आहे हे आधी पाहा. पावसात जाता-येता येईल असाच निवडा.